प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस सारखा जातोय? पुढचा क्रॉस टाकायच्या आधी हे तपासा

माझ्या गाडीत मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे फिरकी नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा वळता सांधा, अकरा महिन्यांत तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा डिफकडचाच (डिफ म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा). गाडी जुनी आहे, पार्ट टाइम फोर बाय फोर (पुढची चाकं गरजेलाच जोडायची), पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंग, डिझेल इंजिन, आणि खालचं बरंच सामान आता मूळ राहिलेलं नाही, म्हणजे उंची वाढवायला बाहेरचे पाटे आणि लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी), रिबिल्ड केलेला शाफ्ट, इंजिन माउंटपण आफ्टरमार्केट. लक्षणं दर वेळी तीच. पन्नास-पंचावन्नच्या वर सीटखाली घूंऽऽ अशी थरथर, मग काही आठवड्यांत गिअर टाकून क्लच सोडला की टक्क, आणि मग एक दिवस खाली वाकून बघावं तर कपाच्या (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) कडेला तांबूस भुकटी जमलेली. नवा क्रॉस टाकला की टक्क बंद व्हायचं, थरथर कमी व्हायची पण पूर्ण कधीच जायची नाही, आणि चुकलं ते इथेच, कारण ती उरलेली थरथर मी मोठ्या टायरची समजून सोडून देत होतो. तुम्हाला पण नवीन क्रॉस टाकल्यावर थोडी थरथर उरलेली जाणवत असेल तर ती सोडू नका, पुढचा क्रॉस तीच खाणार आहे.

सगळ्यात आधी थरथर कुठून येते ते ठरवा, पाना नंतर हातात घ्या. उभ्या गाडीत इंजिन त्याच आरपीएमला न्या, तिथेच थरथरलं तर विषय इंजिन, माउंट किंवा क्लचचा. नाही आली तर मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच स्पीडला एकदा तिसऱ्यात आणि एकदा चौथ्यात चालवा, गिअर बदलूनही थरथर स्पीडलाच चिकटून राहिली तर ती ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारा डबा) पुढची, म्हणजे शाफ्ट, डिफ, चाकं यातलीच. आता न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू द्या (इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा बूस्टर जातो). घरंगळतानाही तशीच राहिली तर बॅलन्स किंवा चाकं बघा, पण ॲक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की आवाजाचा सूरच बदलतो असं असेल तर जॉइंटचा कोन, पिनियन (शाफ्टने फिरणारा डिफमधला छोटा गिअर) नाहीतर क्रॉस. माझी दुसऱ्या प्रकारातली होती आणि मी दोन वेळा चाकं बॅलन्स करून घेतली, त्याने काही होणारच नव्हतं.

थरथरीचा वेग नुसत्या अंगाने पण ओळखता येतो, फक्त हिशोब माहीत पाहिजे. टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटर धरा. ६० च्या स्पीडला मिनिटाला १००० मीटर जातात म्हणजे चाक मिनिटाला ४५५ च्या आसपास फेरे मारतं, सेकंदाला साडेसात. डिफचा रेशो ४.८८ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे, तर शाफ्ट सेकंदाला ३७ वेळा फिरतो. चाकाचा दोष असेल तर धडधड मोजता येईल इतकी संथ असते आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगला जाणवते. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर फेऱ्याला एक झटका, म्हणजे ३७. पण क्रॉसचा कोन चुकला असेल तर एका फेऱ्यात दोन झटके येतात, म्हणजे ७४, ती बारीक झिणझिण असते, फ्लोअरवर पाय ठेवला की बुटातून पोटरीपर्यंत येते. एकदा हा फरक पायाला कळला की अर्धं काम झालं.

यानंतर शाफ्ट काढून चालवायची टेस्ट, पण त्याआधी एक गोष्ट नीट वाचा. कित्येक जुन्या फोर बाय फोर गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही मागची चाकं मोकळीच, आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. तुम्ही खाली झोपलेले असताना गाडी सरकली तर संपलं. सपाट जागा, चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे किंवा मोठे दगड, मगच बोल्टला हात लावायचा. दुसरं म्हणजे काही ट्रान्स्फर केसमध्ये शाफ्टचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) सरळ आत सरकतो, फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) नसतो, तो बाहेर ओढला की तेल वाहतं, अशा गाडीत ही टेस्ट करू नका. फ्लँज असेल तर आधी पुढचा शाफ्ट काढून टू व्हीलला चालवून बघा, मग पुढचा बसवून मागचा काढा आणि फोर हायला (फोर बाय फोरची हाय रेंज) टाकून हळूहळू स्पीड वाढवत बघा. मागचा काढल्यावर माझी गाडी इतकी शांत चालली की पाटे बदलल्यापासून तसं चाललेलं मला आठवत नव्हतं.

मेलेला क्रॉस फेकू नका, तो बोलतो! माझा तिसरा क्रॉस मी डिझेलमध्ये धुऊन पांढऱ्या फडक्यावर ठेवून उजेडात बघितला आणि तेव्हा डोकं चालायला लागलं. क्रॉसच्या चार खुंट्या असतात आणि नीडल रोलर (कपातले सुईसारखे बारीक रोलर) त्यांच्याभोवती फिरतात. खुंटीवर नीडलच्याच जाडीच्या समांतर रेघा खोदल्यासारख्या पडल्या असतील, नखाला लागतील अशा, तर लोड त्याच्या ताकदीपेक्षा जास्त होता किंवा नीडल फिरतच नव्हत्या, एकाच जागी आपटत होत्या. खुंटीचं कातडं सोलल्यासारखं खवले उडालेलं असेल तर पाणी-चिखल आत गेलाय किंवा ग्रीस पोचलेलं नाही. खुंटीचं टोक आणि कपाचा तळ घासून चकचकीत, कडेला धातू सरकलेला, तर एकतर कोन जास्त आहे नाहीतर ग्रीसची उपासमार. निळा-काळा पडला असेल तर सरळ कोरडा चालून तापलाय. आणि खुंटीच तुटली असेल, तुकडा दाणेदार दिसत असेल, तर तो झटक्याने गेला, चाक खड्ड्यात फिरत असताना अचानक पकड मिळाली की असं होतं.

माझ्या क्रॉसवर योकातल्या समोरासमोरच्या दोन खुंट्यांवर एकाच बाजूला रेघा आणि टोकं घासलेली, आणि त्यातल्या एका कपात ग्रीस जवळजवळ नाहीच, बाकीचे तीन ओले. म्हणजे एकाच वेळी दोन आजार होते, आणि मी दर वेळी "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणून तिसऱ्याच गोष्टीवर खापर फोडत होतो.

आता रिबिल्ड शाफ्ट. पाटे बदलल्यावर जुना शाफ्ट आखूड पडत होता म्हणून ट्यूब कापून लांब करून घेतला होता, त्यावर नवा काळा रंग मारलेला, दिसायला एकदम नवा. रिबिल्ड सामानाचा हाच धोका आहे, रंगाखाली काय आहे ते कळत नाही. मी तारेच्या ब्रशने रंग काढला आणि तीन गोष्टी सापडल्या. एक, डिफकडच्या योकात कपाच्या भोकाच्या आतल्या कडेला पंचने ठोकलेले ठिपके, गोल ओळीत आठ-दहा. भोक झिजून मोठं झालं की कप सैल बसतो, मग असे ठिपके मारून धातू वर काढतात आणि कप "घट्ट" करतात. कप त्या आठ-दहा टोकांवरच टेकलेला राहतो, थोड्या दिवसांत ती टोकं दबतात आणि कप भोकात हलायला लागतो. योकात कप हाताच्या अंगठ्याने दाबून आत जात असेल तर तो योक बाद, त्यात सोन्याचा क्रॉस टाकला तरी टिकणार नाही. कप वाईसमध्ये किंवा प्रेसवर दाबून जायला हवा.

दोन, फेज चुकलेला. हे जरा सविस्तर सांगतो, कारण जोडताना फार सहज चुकतं आणि नुसतं बघून लक्षात येत नाही. साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरला की एक बाजू एकसारखी फिरत असली तरी दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे पळते, दोनदा मागे रेंगाळते. १० अंशाला हा फरक दोन्हीकडे दीड टक्क्यापर्यंत असतो, १५ अंशाला साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं पण शाफ्ट सेकंदाला ३७ फेरे मारतोय. म्हणून शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, पहिला जे बिघडवतो ते दुसरा उलटं करून सरळ करतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या जॉइंटचं गणित बसवलं, म्हणून पुस्तकात याला हूक्स जॉइंट म्हणतात, आणि दोन जॉइंट लावून दोष मारायची युक्तीही तेव्हाचीच. पण दुसऱ्याने दोष मारायचा असेल तर दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत पाहिजेत, ही झाली फेज, आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे पाहिजेत.

मधे स्लिप जॉइंट (दातांवर सरकून शाफ्ट लांब-आखूड करणारा जोड) असतो तिथे शाफ्टचे दोन भाग वेगळे होतात आणि परत घालताना एक दात इकडेतिकडे झाला की फेज गेली. १६ दात असतील तर एक दात म्हणजे साडेबावीस अंश! कंपनीच्या शाफ्टवर बाण किंवा खुणा कोरलेल्या असतात, माझ्या शाफ्टवर रंगाखाली एकीकडची खूण होती आणि ट्यूब बदलल्यामुळे दुसरीकडची गायबच. तपासायला सोपं आहे, शाफ्ट सपाट लादीवर किंवा दोन सरळ लाकडांवर ठेवा, एका टोकाच्या योकाचे दोन्ही कान आडवे लेव्हलला आणा आणि दुसऱ्या टोकाचे कान लेव्हलला आहेत का बघा. माझा बरोबर एक दात तिरका होता. सोडवून दात बदलून घातला आणि दोन्हीकडे सेंटर पंचने स्वतःची खूण मारली. तुम्ही कुठलाही शाफ्ट सोडवणार असाल तर आधी खूण, मग पाना. वेल्डिंगच तिरकं झालं असेल तर मात्र दात बदलून जमणार नाही, परत कापून जोडावं लागेल.

तिसरी गोष्ट, बॅलन्सची वजनं. ट्यूब लांब केल्यावर परत बॅलन्स करायला लागते, माझ्यावर जुन्या वजनाच्या फक्त वेल्डच्या खुणा होत्या, नवीन पत्री कुठेच नाही. ती बॅलन्स करून घेतली. एक लहानशी गोष्ट इथेच सांगतो, ऑफरोडहून आल्यावर शाफ्टला एका बाजूने सुकलेला चिखल चिकटलेला असला तरी हायवेला अशीच थरथर येते, आधी धुऊन बघा, आणि ट्यूबला दगडाचा पोचा आलाय का हात फिरवून बघा.

आता कोन. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालतं किंवा साधा अँगल गेज घ्या. गाडी स्वतःच्या चाकांवर सपाट जागी उभी पाहिजे, जॅकवर लटकवून मोजलं तर सगळे आकडे खोटे. तीन ठिकाणी मोजायचं, ट्रान्स्फर केसचा आउटपुट फ्लँज, शाफ्टची ट्यूब, पिनियनचा फ्लँज. शेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जॉइंटचा कोन. माझे आकडे असे होते: ट्रान्स्फर केस मागे ४ अंश खाली झुकलेली, शाफ्ट ११ अंश, पिनियनची रेषा ९ अंश. म्हणजे पुढचा जॉइंट ७ अंशावर आणि मागचा २ वर. पुढचा जेवढा बिघडवतो त्यातलं मागचा थोडंसंच भरून काढतो, बाकीचं सगळं शाफ्ट आणि पिनियनला झटक्यांच्या रूपात. कोन पुढचा मोठा असूनही मार मागच्या क्रॉसला का, तर माझ्या गाडीत योकाचं भोक तिथलंच झिजलेलं आणि कोरडा कपही तिथलाच.

हे ९ अंश आले कुठून? लिफ्ट किटसोबत (गाडी उंच करायचा तो बाहेरचा संच) पाट्याखाली लावायला पाचरी आलेल्या, त्या लावल्या की पिनियनचं नाक वर होतं आणि दिसायला शाफ्ट सरळ दिसतो, बघणाऱ्याला वाटतं छान काम झालं. ही पाचर डबल कार्डन शाफ्टसाठी बरोबर आहे, म्हणजे ज्याच्या ट्रान्स्फर केसकडच्या टोकाला दोन क्रॉसचा जोड असतो, तिथे पिनियनने सरळ शाफ्टकडेच बघायचं असतं, फार तर एक-दोन अंश खाली, कारण लोडवर पाटे पिळतात आणि नाक वर येतं. पण दोन टोकांना एकएक क्रॉस असलेल्या साध्या शाफ्टला पिनियन आणि ट्रान्स्फर केसचा आउटपुट एकमेकांना समांतर पाहिजेत. लांब शॅकलने पण पिनियन फिरतो हे लक्षात ठेवा, फक्त पाचरीलाच दोष देऊ नका.

मी पाचरी काढल्या, पिनियन ४ वर आला, दोन्ही जॉइंट ७ च्या आसपास सारखे झाले आणि झिणझिण त्याच दिवशी नव्वद टक्के गेली. तरी ७ अंश हायवेच्या रोजच्या वापराला जास्तच आहेत, जास्त स्पीडला चालणाऱ्या शाफ्टला साधारण ३ अंशांच्या आत ठेवायला सांगतात आणि दोन जॉइंटमध्ये एक अंशापेक्षा जास्त फरक नको. अगदी शून्यही नको बरं का, अर्धा-एक अंश तरी हवा, नाहीतर नीडल फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. म्हणून लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावले, पिनियन पुन्हा मोजून पाहिला, कोन दोन्हीकडे पाचच्या खाली आले. उंची थोडी गेली, मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्यांना उंची हवीच आहे त्यांनी डबल कार्डन शाफ्टचा विचार करावा. ट्रान्स्फर केस खाली उतरवायचे ठोकळे मिळतात, त्याने पुढचा कोन कमी होतो पण आउटपुटचा झुकाव वाढतो, मग पिनियनही तेवढा फिरवावा लागतो, शिवाय फॅन आणि लिव्हर अडतात का बघावं लागतं, मला तो उपाय आवडत नाही.

क्रॉस बसवताना: नवा आणि जुना शेजारी ठेवून व्हर्नियरने कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांची बाहेरची लांबी मोजा. दिसायला सारखे, अर्धा मिलिमीटर वेगळे असे क्रॉस सर्रास मिळतात, आणि सर्क्लिप (कप जागेवर धरणारी रिंग) बाहेरून बसणारी की आतून हे पण बघा. कप घालताना खुंटी पूर्ण वर काढून कपात घुसलेली ठेवायची, नाहीतर एखादी नीडल आडवी पडून तळाशी जाते. सर्क्लिप बसायला एक मिलिमीटर कमी पडत असेल तर ९९ टक्के नीडल आडवी पडलीय, अशा वेळी हातोडा मारू नका, उघडा. माझा पहिला क्रॉस असाच ठोकून बसवला होता, सोडवला तेव्हा ती आडवी नीडल चपटी होऊन कपाच्या तळाला चिकटलेली मिळाली. सर्क्लिप बसल्यावर क्रॉस घट्ट वाटला तर योकाच्या कानावर पितळी हातोडीने हलकी टिचकी मारा, मोकळा होतो. बोटाने चारी बाजूंना गुळगुळीत फिरला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. फ्लँजला यू बोल्ट किंवा पट्टी असेल तर कंपनीच्या टॉर्कपेक्षा जास्त आवळू नका, कप दबून अंडाकृती होतो.

ग्रीस मारताना चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. एका कपातून येत नसेल तर गाडी थोडी पुढे-मागे करून किंवा तो कान हलवून परत मारा, तरी नाही आलं तर आतला मार्ग बंद आहे, तो क्रॉस परत करा. माझ्या तिसऱ्याचा कोरडा कप हाच. नदी-नाल्यातून गेलात तर त्याच दिवशी ग्रीस, तापलेला जॉइंट थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढतो.

बाकीचं पटकन. पिनियन फ्लँज हाताने धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा, हलला तर बेअरिंग गेलंय आणि ते होईपर्यंत क्रॉस टिकणार नाही. पिनियनचा सील सारखा गळतो हे पण त्याचंच लक्षण. नट स्वतः आवळत बसू नका, आत क्रश स्लीव्ह (नट आवळला की दबणारी नळी) असेल तर बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावरचा ठरलेला दाब, बिघडतो. मऊ रबराच्या आफ्टरमार्केट माउंटने लोडवर ट्रान्स्फर केसचं शेपूट वर उचलतं, म्हणजे उभ्या गाडीत मोजलेला कोन चालताना राहत नाही, कोणाला तरी ब्रेक दाबून हलकेच क्लच सोडायला लावा आणि बाजूला सुरक्षित उभं राहून किती उचलतं ते बघा. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून फिरू नका, पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या झिजेचे असतील तर अजिबातच नाही, पार्ट टाइम सिस्टिममध्ये सगळा ताण पिळून क्रॉसवरच येतो.

योक बदलला, फेज सरळ केला, बॅलन्स केला, पाचरी आणि शॅकल काढले, चौथा क्रॉस घातला. त्याला आता १४,००० किलोमीटर झाले, दर ५,००० ला ग्रीस, काल फ्लँजचे बोल्ट तपासताना कपाच्या कडा पुसून बघितल्या, फडक्यावर फक्त ग्रीस आलं, तांबडं काही नाही. बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरला ते बोल्ट एकदा टॉर्कने परत बघून घ्या, माझे दोन थोडे सैल निघाले होते.